मोगऱ्याला कात्री लावा, ताई

प्रश्न : माझं माहेर निफाडजवळच्या खेड्यातलं. आईच्या अंगणात मोगऱ्याचं मोठं झुडूप होतं. आई गेली, पाठोपाठ घरही विकलं. निघताना त्या झुडपाची मुळं धरलेली एक फांदी आणि तिथलीच घमेलंभर काळी माती घेऊन आले. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. पूर्वेच्या बाल्कनीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत ते रोप लावलं. उन्हाने करपू नये म्हणून हिरवी जाळी बांधली. रोज बोअरचं पाणी घालते, दर आठवड्याला शेणखत नाहीतर पेंडीचं पाणी देते. झाड माझ्या कमरेच्या वर गेलंय, पण दोन उन्हाळ्यांत मिळून ओंजळभरही फुलं आली नाहीत. ज्या थोड्या कळ्या आल्या त्या जांभळट होऊन गळाल्या. हल्ली कोवळी पानं पिवळी दिसतात. शेजारच्या काकू म्हणतात, हे नर झाड आहे, उपटून टाक. सासूबाईंना वाटतं, पाळीत माझा हात लागतो म्हणून असं होतं. नर्सरीवाल्याने छाटायला सांगितलंय, पण आईच्या झाडाला कात्री लावायला हात धजत नाही. येत्या चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला याच मोगऱ्याची फुलं असावीत, एवढीच इच्छा आहे.
— एक वाचक, नाशिक

ताई,

झाड अजिबात उपटू नका. दोन वर्षांत कमरेच्या वर गेलेलं झाड जोमातलं असतं. तुम्ही त्याला जगवलंय, आणि चांगलं जगवलंय. आता त्याला फुलवायचं आहे, आणि त्यासाठी तुम्ही आजवर मायेने जे केलंत त्यातलं बरंचसं थांबवावं लागणार आहे. सावली, रोजचं पाणी, दर आठवड्याचं खत यांनी मोगरा पानांनी भरतो. फुलांसाठी त्याला ऊन हवं, थोडी उपासमार हवी आणि कात्री हवी.

आधी काकूंचं आणि सासूबाईंचं बोलणं बाजूला करू. पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, मोगऱ्यात तसं नसतं. त्याच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात. आणि फूल येण्यासाठी परागीभवन लागतच नाही, ते लागतं फळ धरण्यासाठी. आपल्या घरगुती मोगऱ्याला बी क्वचितच धरतं, म्हणून तर तो पिढ्यान्‌पिढ्या फांदीपासूनच वाढवत आलो आहोत. तुमचं रोप बियांचं नाही, आईच्या झुडपाची ती फांदीच आहे. म्हणजे हे तेच झाड आहे, फक्त जागा बदललेली. निफाडच्या अंगणात ते फुलत होतं, तर त्याच्या जातीत खोट नाही. खोट आहे ती बाल्कनीतल्या परिस्थितीत, आणि ती आपल्या हातातली आहे.

पाळीबद्दल तर एका वाक्यात सांगते. बाईच्या हाताने झाड मरत नाही, सुकत नाही, रुसत नाही. महिन्याचे तीसही दिवस हात लावा. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही, चैत्रातल्या कळ्या त्यांनाच खुडायला सांगा.

आता ऊन. मोगऱ्याला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. एखाद्या रविवारी सकाळपासून दर तासाला बाल्कनीत डोकावा आणि पानांवर ऊन किती वेळ पडतं ते बघा. पूर्वेची बाल्कनी आणि त्यावर हिरवी जाळी म्हटल्यावर तुमच्याकडे दोन तासांहून जास्त भरेल असं मला वाटत नाही. ती जाळी आजच काढा. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला टेकतो तेव्हा आपण घरात बसतो, पण मोगऱ्याचा तोच खरा हंगाम. करपतो तो मुळाशी पाणी नसलेला मोगरा. पाणी असेल तर ऊन त्याला बाधत नाही.

जाळी काढूनही चार तासांच्या वर ऊन मिळत नसेल तर जानेवारीअखेर ते जूनपर्यंत कुंडी सोसायटीच्या गच्चीवर न्या. कमिटीला आधी सांगून ठेवा, कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंगवरून कुरबुर होणार नाही. रोज जिने चढायचा कंटाळा येईल, मला कल्पना आहे. पण उन्हाला दुसरा पर्याय नाही. कोणतंही खत त्याची जागा घेत नाही.

आणि आता कात्री, जिथे तुमचा हात अडलाय.

तुम्ही निफाडच्या. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी हे तुम्ही लहानपणापासून बघत आला असाल. खरड छाटणीनंतर बाग कशी उघडीबोडकी दिसते, पाहुण्याला वाटावं की मालकाने बागच मोडली. पण छाटल्याशिवाय घड येत नाही हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मोगऱ्याचंही तसंच आहे. त्याची कळी नव्या, कोवळ्या फुटीच्या टोकाला येते. जुनी, लाकडासारखी झालेली फांदी लांबत राहते, पानं धरते, पण तिच्यावर कळी येत नाही. तुमच्या झाडावर सध्या अशाच जुन्या फांद्या जास्त असणार. आईच्या अंगणातला मोगराही कोणीतरी छाटत असणारच. मुद्दाम कोणी छाटला नसेल तर येता-जाता शेळीने खाल्ला असेल.

आता डिसेंबर आहे, आज लगेच कात्री उचलू नका. नाशिकची थंडी ऐन भरात असते तेव्हा किमान तापमान दहाच्या खाली उतरतं, निफाडला तर त्याहूनही खाली. या दिवसांत मोगरा झोपलेला असतो. त्याची पानं निस्तेज होतात, काही गळतात. घाबरू नका आणि खत तर अजिबात देऊ नका. पाणी हळूहळू कमी करा. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. जमिनीतल्या झाडाचं पाणी पूर्ण तोडलं तरी चालतं, बादलीतल्या झाडाचं तसं तोडता येत नाही. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच तांब्याभर पाणी घाला. पानं थोडी मलूल दिसली तरी चालेल, फांद्या सुरकुतता कामा नयेत.

संक्रांत झाली, थंडीचा कडाका ओसरायला लागला की छाटणी करा. जानेवारीचा शेवटचा आठवडा योग्य. कात्री धारदार घ्या आणि पाती स्पिरिटने पुसा. आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि आतल्या बाजूला वळून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. मग उरलेल्या जाड फांद्या मातीपासून सुमारे दीड फुटावर आणा. मोगऱ्याला पानं बहुधा समोरासमोर जोडीने येतात. त्या जोडीच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. कापाखाली, पानाच्या देठाच्या बेचक्यात नीट बघा. मोहरीएवढा हिरवट फुगीर डोळा दिसेल. फूट तिथूनच येणार आहे. तो एकदा नीट पाहिलात की कात्री चालवायची भीती निम्मी कमी होईल. जाड फांदीच्या कापावर हळदीची पेस्ट लावली तरी पुरे. माहेरच्या कोणाकडे बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीरोधक लेप) शिल्लक असेल तर उत्तम.

आईची ही एकच फांदी उरली आहे, म्हणून एक काळजी नक्की घ्या. बुडातून निघालेली, मातीकडे झुकणारी एक लांब फांदी छाटू नका. फेब्रुवारीत तिचं दाब कलम करा. शेजारी मातीने भरलेली छोटी कुंडी ठेवायची, फांदी वाकवून तिच्यात आणायची, जिथे ती मातीला टेकते तिथल्या पेराखालची साल नखाने जरा खरवडायची, तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबून वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर मोकळा ठेवायचा. फांदीला आईच्या झाडाचं अन्न मिळत राहतं आणि मातीत तिची स्वतःची मुळंही सुटतात. उन्हाळाभर ती माती ओलसर ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला फांदी हळूच ओढून बघा, हलत नसेल तर मुळं धरली समजा आणि मधला दुवा कापा. तुमच्याकडे दुसरं झाड झालेलं असेल. ते बहिणीला द्या, भावजयीला द्या, पण दुसऱ्या घरात ठेवा. एकुलतं एक झाड एकाच गच्चीवर असणं मला बरं वाटत नाही.

छाटणीच्याच दिवशी बादलीही बदला. बादलीच्या तळाला एखादंच भोक असेल आणि काळ्या मातीने ते केव्हाच बुजलं असेल. निफाडची काळी माती शेतात सोनं आहे, बादलीत मात्र तिची अडचण होते. पाणी घातलं की चिकटून बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि सुकली की भेगा पडून पाणी कडेने निघून जातं. झाड बाहेर काढाल तेव्हा बादलीच्या आकाराची मुळांची जाळी गोल गोल फिरलेली दिसेल. बाहेरची एक-दीड इंच मुळं कात्रीने कमी करा, आतली माती बोटांनी मोकळी करा. तळाला चार-पाच भोकं असलेली १४ इंची मातीची कुंडी घ्या. गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांत मिळते. मिश्रण साधं आहे. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. घोटीच्या बाजूला जाणं झालं तर तिथल्या भात गिरण्यांतून तूस पोतंभर मिळतं. निंबोळी पेंड मूठभर मिसळा. आणि आईच्या अंगणातली माती फेकायची नाही. त्यातली दोन ओंजळी नव्या मिश्रणात घाला, तेवढ्याने काही बिघडत नाही. उरलेली दाब कलमाच्या कुंडीसाठी वाळूत मिसळून वापरा.

कुंडी भरून झाली की एकदा भरपूर पाणी द्या आणि मग डोळे फुटेपर्यंत हात आवरा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस-हिरवी फूट दिसेल. ती बोटभर झाली की खताला सुरुवात. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं चांगलं पातळ केलेलं पाणी, बस्स. युरियाला हात लावू नका, त्याने फक्त पानं माजतात. फुटीच्या टोकाला गाठी दिसायला लागल्या की द्राक्षवाले वापरतात ते ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. यात नत्र नसतं, स्फुरद आणि पालाश असतं. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल.

पिवळ्या पानांचं कारण बहुतेक तुमच्या बोअरच्या पाण्यात आहे. एक कोवळं पान उजेडात धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता. बादलीच्या कडेला पांढरा थरही जमला असेल. या जड, क्षारांच्या पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. किराणा किंवा शेतीच्या दुकानातून हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. महिन्यातून एकदा, हिरवेपणा परत येईपर्यंत. फरशीवर उडू देऊ नका, तांबेरलेले डाग निघत नाहीत. झाडाला बोअरऐवजी महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी देता आलं तर फार बरं, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं साठवा. चुना, राख, अंड्याची टरफलं यांपैकी काहीही आता कुंडीत घालू नका. तुमच्या मातीत क्षार आधीच जास्त आहेत.

जांभळट कळ्यांचं प्रकरण वेगळं आहे. तशी कळी सोलून बघा. आत बारीक हिरवट अळी, विष्ठेचे काळे दाणे, किंवा बाहेर देठाजवळ भोक दिसलं तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नसेल, पण कळी बुडाशी फुगून वाळत असेल, तर फुलमाशीच्या अळ्या असतील. दोन्हींत उपाय सारखाच आहे. जांभळी कळी दिसताक्षणी खुडायची, खाली पडलेली वेचायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकायची, कुंडीत कुजू द्यायची नाही. फुलमाशीची अळी कोषात जायला मातीत उतरते, म्हणून वरची इंचभर माती आठवड्याला हलवायची. कळ्या धरायला लागल्या की लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा.

गच्चीवर एप्रिल-मेमध्ये लाल कोळी येण्याची शक्यता आहे. पानं धुरकट दिसली तर उलटी करून बघा, बारीक जाळी आणि सरकणारे ठिपके दिसतील. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारलात तरी बहुतेक वेळा भागतं. त्याने नाही भागलं तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण पारा ३५च्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात, आणि निंबतेल मारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तर मुळीच मारू नका.

आता तुमच्या चैत्राचं. जानेवारीअखेर छाटलेला मोगरा साधारण दोन-अडीच महिन्यांत फुलायला लागतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसेल तेव्हा कदाचित पहिल्याच कळ्या असतील. पण हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करता येतं. तुम्ही ते शेवटच्या आठवड्यात ठेवा, तोवर बहर रंगात आलेला असेल. तरीही आलेल्या सगळ्या सवाष्णींना गजरे पुरतील एवढी फुलं पहिल्या वर्षी एका कुंडीतून निघणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. गौरीपुढची ओंजळ आणि तुमच्या केसांतला गजरा या झाडाचा, बाकीचे फूलबाजारातून आणा. त्र्यंबकच्या पलीकडे मोखाडा-जव्हारच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मोगरा पिकवतात, त्यांची फुलं दादरच्या बाजारात जातात. विकत घेतलेला गजराही कोणाच्या तरी पहाटेच्या कष्टाचाच असतो.

कळ्या खुडायच्या कशा, तेही सांगते, कारण यात बऱ्याच जणींची फुलं वाया जातात. मोगऱ्याच्या शेंड्याला बहुधा तीन-तीन कळ्यांचा झुबका येतो आणि मधली आधी तयार होते. तीन कळ्या एकदम खुडल्या तर बाजूच्या दोन हिरव्याच राहतात, त्या उमलत नाहीत. कळी पांढरीशुभ्र, टपोरी झाली आणि टोक अजून मिटलेलं असेल तेव्हा ती नखाने देठासकट खुडा. सकाळी लवकर खुडा, ओल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळून ठेवा, संध्याकाळी गजऱ्यातच उमलतील. मोगरा उमलतो संध्याकाळी आणि वासही तेव्हाच सोडतो, कारण मूळचं त्याचं गिऱ्हाईक रात्री उडणारे पतंग. त्या वासात लिनालूल आणि बेंझिल ॲसिटेट ही द्रव्यं प्रमुख असतात आणि ती चटकन उडून जातात. म्हणून दुपारी आणलेल्या उघड्या फुलांना रात्री वास राहत नाही. हळदीकुंकू संध्याकाळी असेल तर सकाळच्या कळ्याच घ्या.

पहिला बहर ओसरला की फुलून गेलेला प्रत्येक शेंडा त्याखालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट खुडत चला. पुन्हा फूट येईल, पुन्हा कळी. असं जूनपर्यंत चालतं. पाऊस लागला की मोगरा पानांकडे वळतो, तेव्हा खत थांबवा. बाल्कनीत वर्षभर वास हवा असेल तर पावसाळ्यासाठी ग्रिलवर जाई किंवा जुई चढवा, आणि थंडीसाठी एक कुंद लावा. कुंदाला वास बेताचा, पण पौष-माघात तो पांढरा होतो आणि देवाला फुलं मिळतात. रातराणी मात्र या घराण्यातली नाही आणि बंद बाल्कनीत तिचा वास डोकं चढवतो. मी तरी लावणार नाही.

मार्च संपेपर्यंत नव्या फुटीच्या टोकाला गाठ दिसली नाही तर मला पुन्हा लिहा. लिहिताना तीन गोष्टी कळवा: कुंडीवर दिवसाला किती तास ऊन पडतं, कोवळं पान आता कोणत्या रंगाचं आहे, आणि दीड फुटावर छाटल्यावर किती फांद्या उरल्या.